डोक्यावरची तार सुटली कशी?

टिपेश्वरच्या जंगलात 2019च्या फेब्रुवारीत एका तरुण वाघाला रेडिओ कॉलर लावली. पुढं हा वाघ यवतमाळ सोडून तेलंगणात शिरला, परत फिरला आणि 3,000 किलोमीटर चालून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थांबला. तो कुठं कुठं गेला, हे गळ्यातल्या पट्ट्यानं सांगितलं. आमच्या गावच्या पारावर तेव्हा तोच विषय असे. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "वाघ कोठी हाय हे समजते बाप्पा, पण त्याच्या डोक्यात काय चालू हाय, हे कोन सांगन?"

हा प्रश्न फार जुना आहे. त्याचं उत्तर शोधताना प्राण्यांच्या डोक्याला तारा जोडल्या गेल्या; ही गोष्ट त्या तारा सुटण्याची. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचे डॉक्टर रिचर्ड केटन यांनी 1875 मध्ये ससे आणि माकडांच्या उघड्या मेंदूवर विजेचे बारीक प्रवाह टिपले. पण तो प्राणी टेबलावर जखडलेला. खुंट्याला बांधलेला बैल पाहून तो रानात कसा वागतो हे सांगता येत नाही, हे आपल्याकडं गुराख्याचं पोरही जाणतं.

स्वित्झर्लंडच्या वॉल्टर हेस यांनी मांजराच्या मेंदूत बारीक तारा बसवून त्याला खोलीत फिरू दिलं. ठरावीक जागी वीज दिली की मांजर फिस्कारायचं, दुसऱ्या जागी दिली की झोपायचं. 1949चं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. तार मात्र होतीच, फक्त दावं लांब झालं होतं.

ते दावं तोडलं मेंदूचा अभ्यास करणाऱ्या होजे देल्गादो यांनी. पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावणाऱ्या माणसाला हा प्रसंग वाचताना कसंतरीच होतं. 1963 मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबाजवळ, झुंजीसाठी पोसलेला बैल त्यांच्या अंगावर धावून आला. त्यांनी हातातल्या रेडिओ यंत्राचं बटण दाबलं आणि बैल थबकून वळला. त्याच्या मेंदूत आधीच इलेक्ट्रोड, म्हणजे वीज पोचवणाऱ्या बारीक तारा, बसवले होते. जगभर बातमी झाली की बैलाचा राग विझवला. इतर शास्त्रज्ञांनी हरकत घेतली: राग कशावरून विझला? विजेनं त्याचं अंगच एका बाजूला वळवलं असेल. मला ही हरकत पटते. बैल थांबला एवढंच दिसलं. त्याच्या आत काय झालं, ते बटणानं सांगितलं नाही.

त्यानंतरची खरी अडचण वजनाची. बैलाला रेडिओ जड नाही, पण प्रयोगशाळेतला उंदीर जेमतेम 25 ग्रॅमचा. त्याच्या डोक्यावर बॅटरी लादली तर मान झुकते, चाल बदलते, मग नोंद कसली करायची? म्हणून वर्षानुवर्षं उंदीर छताला लटकवलेल्या तारेलाच बांधलेले राहिले. 2005 नंतर प्रकाशानं चेतापेशी चालू-बंद करण्याचं तंत्र आलं, तेव्हा विजेच्या तारेजागी प्रकाश नेणारी काचेची तार आली. गुंता तोच.

तो सुटला तो बॅटरीच काढून टाकल्यावर. 2013 मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ जॉन रॉजर्स आणि मायकेल ब्रुकस यांच्या गटांनी मेंदूत सुईनं सोडता येतील इतके लहान दिवे केले. 2015 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एडा पून आणि सहकाऱ्यांचं असाच दिवा असलेलं यंत्र आलं, वजन 20 ते 50 मिलिग्रॅम, म्हणजे ज्वारीचे एक-दोन दाणे. ते पूर्ण कातडीखाली बसतं आणि पिंजऱ्याच्या तळातून येणाऱ्या रेडिओलहरींवर चालतं. पुढच्या काही यंत्रांत पिंजऱ्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. दुकानात कार्ड नुसतं टेकवून पैसे जातात, तेव्हा कार्डातल्या चिपला जशी वीज मिळते, तशीच इथंही.

पिंजऱ्याबाहेर हे वेटोळं चालत नाही. तिथं मेंदूतल्या विजेची नोंद डोक्यावरच साठवणारी छोटी यंत्रं वापरतात. 2016 मध्ये पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवरच्या फ्रिगेट या समुद्री पक्ष्यांवर ती बसवली, तेव्हा समुद्रावर उडताना हे पक्षी दिवसाला सरासरी 42 मिनिटंच झोपतात असं दिसलं. तरी वाघाची कवटी उघडून असं काही बसवावं, असं मला वाटत नाही. त्याला पट्टाच पुरे.

तार गेल्यामुळं एक साधी गोष्ट शक्य झाली: दोन उंदीर एकत्र सोडणं. पूर्वी ते एकमेकांच्या तारेत अडकत, ती कुरतडत. 2021 मध्ये रॉजर्स यांच्या गटानं अशा उंदरांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशी एकाच तालात चेतवल्या, तर ते एकमेकांशी जास्त सलगी करू लागले. ताल वेगळा केला, तर सलगी कमी झाली.