दूध तोडणे (बंदिवासातील नरवानर, म्हणजे माकड-वानरांच्या गणातले प्राणी)

पिल्लाला आईच्या अंगावरून सोडवून स्वतः खायला लावणे म्हणजे दूध तोडणे. मराठवाड्यात हा शब्द माणसाच्या लेकराला आणि गाईच्या वासराला सारखाच लावतात. रानात हे काम आईच करते. वेरूळच्या लेण्यांसमोर थोडा वेळ बसले तरी ते दिसते: वर्षाकडे आलेले पिल्लू छातीशी तोंड नेते, वानरी हात आडवा धरते, पाठ फिरवते, पिल्लू किंचाळून आकांत करते आणि थोड्या वेळाने ती त्याला पुन्हा जवळ घेते. असे बरेच आठवडे चालते. बंदिवासात मात्र ही वेळ बहुधा माणूस ठरवतो.

पिल्लाच्या चोखण्यामुळे आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक वाढते, बीजकोशाला चालना देणारी संप्रेरके मंदावतात आणि मादी माजावर येत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईची पाळी लांबते, हे गावच्या सुइणींनाही ठाऊक होते. चिंपांझी चार-पाच वर्षे पाजते. ओरांगउटानच्या दोन बाळंतपणांत सात-आठ वर्षेही जातात.

लाल तोंडाच्या माकडाचा (ऱ्हीसस) गर्भकाळ सुमारे साडेपाच महिने. प्रयोगशाळांसाठी त्याची पैदास करणाऱ्या केंद्रांत आई लवकर गाभण राहावी म्हणून पिल्लू सहा महिन्यांचे होताच, कधी त्याआधीही, अलग काढण्याची रीत पडली. या घाईने फारसे काही पदरात पडत नाही. उघड्या आवारात या माकडाचा माज ऋतूला बांधलेला असतो आणि मागचे पिल्लू जवळ असतानाही पुष्कळ माद्या दरवर्षी वितात. भोगावे लागते ते पिल्लाला. मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी 1950च्या दशकापासून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात या माकडांवर केलेल्या प्रयोगांत आईवाचून, एकटी वाढलेली पिल्ले स्वतःला चावत, डोलत बसत. त्यांतल्या माद्या पुढे व्याल्या तेव्हा कित्येकींनी आपले पिल्लू जवळच घेतले नाही. पोट बाटलीने भरते, पण आईपण कळपातच शिकावे लागते.

आपल्याकडे हा प्रश्न बहुधा अनाथ पिल्लाच्या रूपाने येतो. विजेच्या तारेला चिकटून वानरी मरते आणि काळसर केसांचे पिल्लू तिच्या छातीला बिलगलेले सापडते. ते घरी पाळणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, वनविभागाला कळवावे. वानरांच्या टोळीत एकीचे तान्हे दुसऱ्या माद्या हौसेने अंगावर घेऊन हिंडतात. म्हणून जगलेल्या पिल्लाला माणसाची फार सवय लागण्याआधी स्वजातीच्या माद्यांचा सहवास मिळवून द्यावा.