टाकाऊ ठरलेल्या लहरी

१२ डिसेंबर १९०१. न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर, पतंगाने वर नेलेल्या तारेला जोडलेल्या इअरफोनमधून बिनतारी संदेशांचा प्रवर्तक मार्कोनी याने रेडिओ लहरींवरून आलेले मोर्स लिपीतले तीन टिंब ऐकल्याचे सांगितले. संदेश सुटला होता कॉर्नवॉलमधल्या पोल्धूहून, सुमारे ३,५०० किलोमीटरवरून. (त्याने नक्की काय ऐकले, याबद्दल जाणकार अजून वाद घालतात. अटलांटिकवर तेव्हा दिवसाचा उजेड होता आणि त्याने वापरलेली लहर दिवसा इतक्या लांब पोचणे कठीणच.) पण लहरी सरळ जात असतील, तर पृथ्वीची गोलाई त्यांनी ओलांडली कशी?

१९०२ मध्ये अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी स्वतंत्रपणे एकच तर्क मांडला: वातावरणात खूप उंचीवर वीजवाहक थर असावा. पुरावा नसल्याने तर्क पडून राहिला.

बिनतारी संदेशांचा धंदा करणाऱ्यांचा भरवसा लांब लहरींवर होता. जितकी लांब लहर तितका मोठा पल्ला, आणि तितकेच अवाढव्य एरियल. १९१२ च्या अमेरिकी कायद्याने घरच्या संचावरून संदेश पाठवणाऱ्या हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याखालच्या लांबीच्या लहरी दिल्या. कुणाला नको असलेला उकिरडाच आंदण दिला म्हणायचा! नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसचा लिओं देलॉय आणि अमेरिकेतल्या कनेक्टिकटचा फ्रेड श्नेल यांनी त्याच ‘उकिरड्यात’, १०० मीटरच्या आसपास, अटलांटिकच्या आरपार गप्पा मारल्या. पुढच्याच ऑक्टोबरात न्यूझीलंड आणि लंडन जोडले गेले.

केनेली-हेविसाइड यांच्या थराचा पुरावा डिसेंबर १९२४ मध्ये मिळाला. ॲपल्टन आणि बार्नेट या इंग्लंडमधल्या संशोधकांनी बोर्नमथच्या बीबीसी केंद्राची तरंगलांबी सावकाश बदलायला लावली. जमिनीलगत आलेली आणि वरून परतलेली लहर एकमेकींत मिसळून ऑक्सफर्डमध्ये आवाज चढत-उतरत राहिला. त्यावरून थराची उंची निघाली, सुमारे १०० किलोमीटर. पुढे त्याहून वरचाही थर सापडला; ॲपल्टनला १९४७ चे नोबेल मिळाले.

या थरांना मिळून आयनांबर म्हणतात, आणि ते आरशासारखे नाही. सूर्याच्या अतिनील किरणांनी सुट्या झालेल्या इलेक्ट्रॉनांमुळे लहर हळूहळू वाकते आणि खाली वळते. वरच्या थरातून एका उडीत ती साधारण ४,००० किलोमीटर गाठते, समुद्रावर आपटून पुन्हा वर जाते. सर्वांत खालचा थर दिवसा कमी वारंवारतेच्या, म्हणजे लांब, लहरी गिळतो आणि रात्री विरतो, म्हणून दूरची केंद्रे अंधार पडल्यावर जागी होतात. वारंवारता फारच वाढवली, तर लहर वळत नाही, थेट अवकाशात निघून जाते. ही मर्यादा सौर डागांच्या अकरा वर्षांच्या चक्राबरोबर वरखाली होते.

या उडीमुळेच दोन हजार किलोमीटरवरचे केंद्र खणखणीत लागते आणि तीनशे किलोमीटरवरचे मुळीच ऐकू येत नाही: जमिनीवरून आलेली लहर तिथवर टिकत नाही आणि वरून आलेली डोक्यावरून पुढे निघून जाते.