रास्कोल्निकोव्हची खोली आणि ऋग्वेदातली अडचण

दोस्तोयव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये (1866) 'एकदम, अचानक' या अर्थाचा रशियन शब्द सुमारे 560 वेळा येतो. ही मोजदाद व्लादिमीर तोपोरोव या भाषाशास्त्रज्ञाची. एखाद्या संपादकाने लाल पेन चालवलं असतं. तोपोरोव यांना मात्र त्यात मिथकाची खूण दिसली, आणि 1973 साली त्यांनी तसा निबंध लिहिला. आदिम कथांत जग घडण्याआधी सगळा गोंधळ असतो. कशाने काय होईल याचा भरवसा नसतो. कादंबरीचा नायक, खून केलेला माजी विद्यार्थी रास्कोल्निकोव्ह, तशाच जागी वावरतो, म्हणून त्याच्या बाबतीत सगळं 'अचानक' घडतं.

ती जागाही बघण्यासारखी आहे. त्याची खोली जेमतेम सहा पावलं लांब. आई येते आणि म्हणते, ही तर शवपेटीच! जिने, उंबरठे, कोंदट गल्ल्या, उकाडा. पीटर्सबर्गच्या मध्यभागी त्याचा जीव गुदमरतो. शेवटी तो सैबेरियात तुरुंगात असतो, तरी नदीकाठी बसून पलीकडचं अफाट माळरान पाहताना त्याला जणू बायबलमधल्या अब्राहमचा काळ अजून सरलेलाच नाही असं वाटतं. अरुंदातून विस्ताराकडे जाण्याची ही वाट सांगताना तोपोरोव ऋग्वेदाकडे वळतात. तिथे 'अंहस्' म्हणजे अडचण, कोंडी. त्याच्या उलट 'उरु लोक', म्हणजे ऐसपैस जग. धम्मपदाचं रशियन भाषांतर केलेल्या माणसाला हे सुचावं यात नवल नाही.

मग दोस्तोयव्हस्कीने वेद वाचले होते का? असा दावा इथे नाहीच. मुद्दा जुन्या साच्याचा आहे, उसनवारीचा नाही.

असे साचे हुडकायची शिस्त लोककथांचे अभ्यासक व्लादिमीर प्रॉप यांनी 1928 मध्येच घालून दिली होती. रशियन जादूकथा तपासून त्यांनी पात्रांच्या 31 ठरावीक कृती वेगळ्या काढल्या. पण कादंबरी म्हणजे लोककथा नव्हे, आणि नायक, प्रवास, संकट एवढंच शोधायचं तर ते कुठेही सापडेल. माझ्या मते खरी कसोटी विचित्र तपशिलांची. रास्कोल्निकोव्हवर प्रेम करणारी सोन्या या खुन्याला सांगते: चौकात जा, तू विटाळलेल्या जमिनीचं चुंबन घे. पोलिसांत जायच्या आधी हे कशाला? स्लाव लोकपरंपरेत भूमी ही माता, आणि काही ठिकाणी माणसं पापाची कबुली तिच्यापाशीच देत. हे ठाऊक नसलेल्या वाचकाला पीटर्सबर्गच्या सेन्नाया चौकात गुडघे टेकणारा रास्कोल्निकोव्ह निव्वळ भ्रमिष्ट वाटेल. कादंबरीतल्या बघ्यांना तो चक्क दारुडा वाटतो.