ग्लोरिया गेनर: तबकडीच्या मागच्या बाजूचं गाणं

डिसेंबर २०२५मध्ये वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या डिस्को गायिका ग्लोरिया गेनर यांना कलाक्षेत्रातला मोठा राष्ट्रीय सन्मान मिळाला. तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या. त्या वर्षीची नावं खुद्द राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केली होती, त्यामुळे गेनर यांनी तो घ्यावा का, यावर बरीच खडाजंगी झाली. ते राजकारण बाजूला ठेवू. त्यांचं नाव निघालं की 'आय विल सर्व्हाइव्ह' आठवतं आणि पाठोपाठ ठरलेली गोष्ट येते: तबकडी काढणाऱ्या कंपनीला गाण्याची किंमत कळली नाही, ती लोकांना कळली. ही गोष्ट अर्धीच खरी आहे.

न्यू जर्सीतल्या न्यूअर्कमध्ये १९४३ साली जन्म, १९६५मध्ये पहिली तबकडी, मग क्लबांमधून गाण्यात गेलेली बरीच वर्षं. पण १९७५च्या अल्बमच्या पहिल्या बाजूपाशी थांबायलाच हवं. तीन गाणी मध्ये खंड पडू न देता एकमेकांत गुंफलेली, सलग सुमारे १९ मिनिटं. नाचणाऱ्याला जागेवर जाऊन बसायला निमित्तच नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये डीजेंच्या संघटनेने त्यांना 'डिस्को क्वीन' केलं. दोन-तीन वर्षांतच लोक तो किताब दुसऱ्या गायिकेला लावू लागले.

१९७८मध्ये न्यूयॉर्कच्या एका थिएटरात गाताना त्या स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरला अडखळून मागे पडल्या. उठून कार्यक्रम पुरा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र कमरेखाली हालचाल होईना. मणक्याची शस्त्रक्रिया झाली, लांबलचक मुक्काम हॉस्पिटलात. त्याच दिवसांत कंपनीने करार पुढे न चालवण्याचं कळवलं होतं, असं गेनर सांगतात.

मग कंपनीत वरची माणसं बदलली आणि गेनर यांनी तबकडीच्या पुढच्या बाजूसाठी 'सबस्टिट्यूट' हे गाणं गावं असं ठरलं. या निर्णयाची आजवर पुष्कळ टिंगल झाली. पण दक्षिण आफ्रिकेतल्या मुलींच्या एका बँडने हेच गाणं १९७८मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं होतं. अमेरिकेत ते ओळखीच्या आवाजात काढावं, हा हिशेब धंद्यात मुरलेल्या कुणीही केला असता. ध्वनिमुद्रण गीतकार-निर्मात्यांच्या ज्या जोडगोळीकडे गेलं, तिने काम घेतलं ते एका अटीवर: मागच्या बाजूला आमचं गाणं. कंपनीने मान डोलावली. मागच्या बाजूचं गाणं कोण ऐकतंय?

जोडगोळीपैकी एकाला आधीच्या नोकरीतून नारळ मिळाला होता, त्या सुमाराला हे मागच्या बाजूचं गाणं, म्हणजे 'आय विल सर्व्हाइव्ह', सुचलेलं. स्टुडिओत शब्दांचा कागद आणायचा राहिला, तेव्हा खाकी कागदावर खरडून दिलेले शब्द गेनर यांनी वाचले. ही आठवण त्यांचीच. पाठीला आधाराचा पट्टा बांधून त्या गायला उभ्या राहिल्या. त्या काळी डिस्कोच्या तबकडीत मागे कोरस भरायची, वेग वाढवून आवाज वर चढवायची पद्धत होती. मागच्या बाजूसाठी कुणी तेवढा खटाटोप केला नाही, म्हणून तो भारदस्त आवाज आहे तसा राहिला. माझ्या मते कंपनीचं दुर्लक्ष हेच या गाण्याचं नशीब. ते पुढच्या बाजूला ठरवून केलं असतं, तर कोरसात बुडालं असतं.

गेनर स्वतः तबकडी घेऊन मॅनहॅटनच्या एका बड्या डिस्कोत गेल्या. तिथल्या डीजेने ती उलटी करून लावली आणि लोकांनी उचलून धरली. बॉस्टनमध्येही मागचीच बाजू वाजू लागली. मग कंपनीनेही हट्ट न धरता बाजू बदलून तबकडी पुन्हा काढली. तेवढं श्रेय तिला द्यायला हवं. १० मार्च १९७९ रोजी गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. एकूण तीन आठवडे ते तिथे होतं, मध्ये एका खंडासह.

त्याच वर्षी १२ जुलैला शिकागोच्या बेसबॉल मैदानात, दोन सामन्यांच्या मधल्या डिस्कोविरोधी कार्यक्रमात, डिस्कोच्या तबकड्यांची पेटी स्फोटाने उडवण्यात आली. प्रेक्षक मैदानात घुसले, दुसरा सामना रद्द झाला. याला नुसता संगीताच्या आवडीनिवडीचा प्रश्न म्हणणं भाबडेपणाचं आहे, कारण लोकांनी उडवायला आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय गायकांच्याही होत्या. १९८०मध्ये गेनर यांना उत्कृष्ट डिस्को ध्वनिमुद्रणाचा ग्रॅमी मिळाला. विभाग त्याच वर्षी सुरू झाला होता आणि पुढच्या वर्षी बंदही झाला. त्यामुळे या पुरस्काराच्या मानकरी म्हणून त्यांच्या आधी कुणी नाही, नंतरही नाही.

१९८२च्या सुमारास त्या धर्माकडे वळल्या. १९८३मध्ये 'आय ॲम व्हॉट आय ॲम' आलं. ते समलिंगी चाहत्यांनी आपलंसं केलं. जुन्या गाण्याला तर त्यांनी आधीच आपलं मानलं होतं. २०१६मध्ये 'आय विल सर्व्हाइव्ह' अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत दाखल झालं. २०२०मध्ये गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिसंगीताच्या, अल्बमसाठी त्यांना दुसरा ग्रॅमी मिळाला, पहिल्यानंतर ४० वर्षांनी. त्याच वर्षी साथ पसरली, तेव्हा हेच गाणं म्हणत २० सेकंद साबणाने हात कसे धुवायचे, हे त्यांनी व्हिडिओ करून दाखवलं.