अन्नातील उपकारक व अपायकारक जिवाणू (मराठवाडा)

अन्नात वाढून त्याची चव, रूप, टिकाऊपणा किंवा सुरक्षितता बदलणारे एकपेशीय सूक्ष्मजीव. यांतले काही दूध विरजतात व पीठ आंबवतात, बरेचसे अन्न नासवतात आणि मोजकेच माणसाला आजारी पाडतात. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली या आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात ज्वारी, ताक, खवा, टँकरचे पाणी आणि चाळिशीपलीकडचा उन्हाळा यांच्या संगतीने हे जिवाणू कसे वागतात, ते या नोंदीत पाहायचे आहे.

‘जिवाणू’ हा शब्द इथल्या गावांत पेरणीच्या दिवसांत जास्त ऐकू येतो. सोयाबीन, तूर, हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियमचे (मुळांच्या गाठींत राहून पिकाला नत्र पुरवणाऱ्या जिवाणूंचे) जिवाणू संवर्धन चोळायचे, सावलीत वाळवायचे आणि पेरायचे, हे शेतकऱ्याला नवे नाही. चुलीजवळ मात्र हा शब्द फिरकत नाही. तिथे विरजण असते, आंबवण असते आणि बिघडलेल्या अन्नासाठी क्रियापदांची मोठी रास असते. दही आंबते, दूध नासते, वरण विटते, भाकरीला बुरा येतो, तेल खवटते, बिनकल्हईच्या पितळी भांड्यातले ताक कळकते. शास्त्राच्या कसोटीवरही ही क्रियापदे चांगली टिकतात. आंबणे, नासणे, विटणे ही प्रामुख्याने जिवाणूंची कामे. बुरा बुरशीचा, खवटपणा मुख्यतः हवेतल्या ऑक्सिजनचा, आणि कळकणे हा आंबट पदार्थात उतरलेल्या तांब्या-जस्ताचा प्रताप. गोम एवढीच, की ही सारी क्रियापदे नाकाने आणि जिभेने ठरवलेली आहेत. ज्या अन्नाने माणूस दवाखान्यात पोचतो, ते बहुधा आंबलेले नसते, विटलेलेही नसते. त्याला वासच येत नाही. त्याच्यासाठी आपल्या बोलीत क्रियापदच नाही. लोक ‘बाधलं’ म्हणतात, पण ते माणसाला झालेले असते, अन्नाला नव्हे.

विरजण. कोमट दुधात चमचाभर जुने दही कालवले, की त्यातले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू दुधातल्या साखरेवर तुटून पडतात. ताज्या दुधाचा सामू (आंबटपणाचे माप, पीएच; आंबटपणा वाढेल तसा हा आकडा उतरतो) साधारण ६.६ ते ६.७ असतो. तो ४.६ च्या आसपास उतरला, की केसीन हे प्रथिन एकमेकांत गुंतते आणि कवडी लागते. दूध आंबण्यामागे सजीवांचा हात आहे, हे लुई पाश्चरने १८५७ मध्ये मांडले. दह्यातला लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस हा जिवाणू स्तामेन ग्रिगोरोव्ह या बल्गेरियन वैद्यक विद्यार्थ्याने १९०५ मध्ये ओळखला. कारखान्यातल्या योगर्टमध्ये हा लॅक्टोबॅसिलस आणि स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस अशी ठरलेली जोडी घालतात. घरच्या विरजणात मात्र मिश्र वस्ती असते. २५ ते ३० अंश सेल्सिअसला खूश राहणारे लॅक्टोकोकस त्यात असतात आणि ४० ते ४५ अंशांना जोर धरणारेही असतात. कोणाची सरशी होणार ते हवा ठरवते. म्हणून एकाच घरचे, एकाच विरजणाचे दही पौषात वेगळे लागते आणि वैशाखात वेगळे.

मराठवाड्यात हा फरक ठळक जाणवतो. हिवाळ्यात विरजणाचे भांडे फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कणगीत किंवा पिठाच्या डब्यात खुपसून ठेवावे लागते, तरी सकाळी वरची साय तेवढी धरलेली आणि खाली पांढरे पाणी, असे होते. मे महिन्यात रात्री लावलेले दही पहाटेच तयार असते आणि दुपारच्या जेवणापर्यंत दात आंबवते. मग ते पाण्याच्या परातीत ठेवायचे, नाहीतर रवी घालून ताक करून मोकळे व्हायचे. दह्याला तार सुटली तर ते फेकून देण्याची रीत आहे. ती तार काही जिवाणूंनी तयार केलेल्या चिकट शर्करेची असते. विरजण शुद्ध आणि वास चांगला असेल तर तिच्याने अपाय होत नाही. विरजण मात्र बदलावे.

आंबटपणा हेच या पदार्थांचे कुलूप आहे. सामू ४.६ च्या खाली गेला, की बहुतेक रोगकारक जिवाणूंची वाढ खुंटते. बोट्युलिझमसारखा जीवघेणा आजार आणणारा क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमही तिथे डोके वर काढत नाही. वाढ खुंटते, पण मरतात सगळेच असे नाही. घाण हाताने घुसळलेले ताक केवळ आंबट आहे म्हणून शुद्ध होत नाही.

लातूर, धाराशिव भागातली येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, ही या अर्थाने आंबवलेल्या अन्नाची जत्राच म्हणायला हवी. हिरव्या रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करतात, आत पांडव म्हणून पाच दगड मांडतात, आणि डोक्यावर येते ती आंबिलीची बिंदगी, म्हणजे लहान घागर. आंबिलीची कृती घरागणिक बदलते. सर्वसाधारणपणे ज्वारीचे पीठ आदल्या दिवशी ताकात कालवून ठेवतात, ते आंबले की शिजवतात, गार झाल्यावर पुन्हा ताक, मीठ आणि ठेचलेला लसूण घालतात. पीठ कालवताना ताकातले जिवाणू आयते कामाला लागतात. रात्रभरात पिठाला बारीक फेस धरतो आणि झाकण काढताच आंबूस वास नाकात जातो. शिजवताना ते जिवाणू मरतात, नंतरच्या ताकातून नवे येतात. म्हणजे बिंदगीतली आंबील दोनदा विरजलेली असते. थंडीत ती दिवसभर रानात टिकते, उन्हाळ्यात तशी टिकत नाही. हा सण नेमका थंडीतच येतो, ही सोय की योगायोग, ते सांगता येणार नाही. पण सोयीचे आहे खरे.

कुरडईची गोष्ट याहून रंजक आहे, कारण तिथे विरजण कोणी लावतच नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर गहू तीन दिवस भिजत घालतात आणि रोज पाणी बदलतात. दुसऱ्या दिवशी पाण्यावर बुडबुडे दिसतात, तिसऱ्या दिवशी दाणा बोटाने चेपला की दुधासारखा चीक बाहेर येतो आणि सगळ्या घरभर तो ओळखीचा आंबट दर्प पसरतो. गव्हाच्या सालीवर मुळातच असलेले जिवाणू ओलावा मिळाल्याबरोबर वाढू लागतात. आधी सगळ्यांचीच गर्दी होते, मग आम्ल वाढेल तशी लॅक्टिक जिवाणूंची सत्ता येते. पाणी रोज बदलले नाही तर आंबण्याऐवजी कुजण्याचा वास येऊ लागतो. बाया म्हणतात, ‘गहू सडला.’ या दोन वासांमधला फरक सांगून कळत नाही, एकदा नाकाने घ्यावा लागतो. पुढे चीक शिजवला जातो, सोऱ्यातून पडतो आणि गच्चीवरच्या उन्हात कडकडीत वाळतो. पाणीच उरले नाही की जिवाणूंना जगायला काही राहत नाही. वाळवण वर्षभर टिकते ते याच कारणाने. पावसाळी हवेत डब्याचे झाकण सैल राहिले तर आधी येते ती बुरशी, जिवाणू नव्हे.

देगलूर, उदगीरसारख्या सीमेवरच्या गावांत इडली-डोशाचे पीठ घरोघर आंबवले जाते. तिथे पीठ फुगवण्यात ल्युकोनोस्टॉक या जिवाणूचा मोठा वाटा असतो. कैरीच्या लोणच्याला आम्ल, मीठ आणि तेल अशी तिहेरी राखण असते. त्यातले तेल हवा अडवते, जिवाणू मारत नाही; बोट्युलिनमला तर हवा नसलेलीच जागा हवी असते. म्हणून आंबट काहीच नसलेला कच्चा लसूण नुसता तेलात बुडवून महिनोन्‌महिने बाहेर ठेवणे धोक्याचे.

अपायकारक जिवाणू. यांचे दोन ढोबळ प्रकार पडतात. साल्मोनेलासारखे जिवंत जिवाणू पोटात जाऊन तिथे वाढतात; लक्षणे दिसायला सहा तासांपासून काही दिवस लागतात. दुसरे अन्नातच विष तयार करून ठेवतात. जेवून तासा-दोन तासांत उलट्या सुरू झाल्या तर संशय या दुसऱ्यांवर घ्यावा. अनुकूल स्थितीत काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. या हिशेबाने एकाचे सात तासांत वीस लाखांहून अधिक होतात. ही वाढ मुख्यतः ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात होते. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यातले स्वयंपाकघर दिवसभर या पट्ट्याच्या ऐन मध्यावर असते.

भात हे याचे नमुनेदार उदाहरण. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली त्याची निद्रिस्त रूपे, तांदळावर असतात आणि उकळत्या पाण्यातूनही जिवंत सुटतात. शिजल्यावर भात पातेल्यात कोमट राहिला, की ते रुजतात आणि ओकारी आणणारे विष सोडतात. हे विष १२१ अंशांनाही टिकते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन वाफ आणली तरी उपयोग नसतो. ‘चांगला गरम करून खाल्ला होता’ हे वाक्य प्रत्येक बाधेनंतर ऐकू येते आणि ते खरेही असते. चूक आदल्या रात्री भात झाकून ओट्यावर ठेवण्यात झालेली असते. त्या मानाने ज्वारीची शिळी भाकरी बरीच निर्धोक. ती कोरडी असते आणि खाताना ताकात कुस्करली जाते.

भंडारा, सप्ताह, लग्न यांत हाच प्रश्न कढईच्या आकाराने मोठा होतो. पन्नास लिटरचे वरण मधोमध थंड व्हायला रात्र घेते. उकळल्याने त्यातली हवा निघून गेलेली असते आणि हवेशिवाय वाढणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्सचे तिथे फावते. मटणाच्या रश्श्यात तर अधिकच. उरलेले अन्न उथळ परातीत पसरून लवकर गार करावे, हा उपाय साधा आहे. पण मंडपात रात्री अकरा वाजता परात रिकामी कोणाकडे असते? फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमातल्या महाप्रसादानंतर सुमारे २,००० लोकांना उलट्या-जुलाबाचा त्रास झाला होता. उपवासाच्या भगरीतून होणारी बाधा मात्र वेगळ्या जातीची समजावी. तिथे ओलसर भगरीवर किंवा दळून ठेवलेल्या पिठात वाढलेल्या बुरशीच्या विषाचा संशय अधिक असतो. नवरात्र आले की सुटी भगर आणि जुने पीठ टाळा, अशा सूचना निघतात त्या यासाठीच.

भूम तालुक्यातले कुंथलगिरी आणि आसपासचा भाग खव्या-पेढ्यासाठी प्रसिद्ध आहे. दूध भट्टीवर आटताना त्यातले जवळजवळ सारे जिवाणू मरतात, खवा कढईतून उतरतो तेव्हा तो स्वच्छ असतो. पुढे तो हाताने मळला जातो, आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस निरोगी माणसाच्याही नाकात व कातडीवर असतो. बोटाला चिरलेले, पिकलेले असेल तर तो भरपूर उतरतो. साखरेने आणि कमी पाण्याने इतर जिवाणू मागे हटतात, हा तग धरतो. त्याचे विष उकळूनही जात नाही. पेढ्याला वास नाही, चव तीच, आणि खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत केव्हाही मळमळ सुरू. बसच्या टपावरून उन्हात आलेला खवा म्हणून जपून घ्यावा.

पाणी. मराठवाड्यातल्या अन्नाचा विचार पाण्याशिवाय पुरा होत नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर आले. टंचाईत माणूस प्यायला पाणी कसेतरी मिळवतो, कपात होते ती हात धुण्यात, भांडी विसळण्यात, दह्याचे फडके उकळण्यात. टँकर विहिरीत रिकामा होतो, तिथून घागरीत, घागरीतून रांजणात; रांजणात तांब्या बुडतो तेव्हा चार हातांचे जिवाणू त्यात उतरतात. पाणी तपासताना प्रयोगशाळा कॉलराचा जिवाणू शोधत बसत नाही, कोलिफॉर्म हा जिवाणूंचा गट आणि त्यातला ई. कोलाय पाहते. ई. कोलायच्या बऱ्याच जाती आतड्यात निरुपद्रवी राहतात, पण पाण्यात त्या सापडल्या म्हणजे विष्ठेचा संसर्ग झाला हे नक्की. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो ते यासाठी. पोते उघडे राहिले की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरते ती पांढरी भुकटी. पाण्याला वास येतो म्हणून लोक तक्रार करतात. खरे तर तो वास येईनासा झाला तेव्हा तक्रार करायला हवी.

कच्च्या दुधाबद्दल इथे एक हळवा समज आहे, की धारोष्ण दूध अमृत. गाई, म्हशी, शेळ्यांना होणारा सांसर्गिक गर्भपाताचा रोग ब्रुसेला जिवाणूमुळे होतो आणि तो कच्च्या दुधातून माणसाकडे येतो. ताप आठवडेच्या आठवडे येतो-जातो, सांधे धरतात. ७२ अंशांवर १५ सेकंद किंवा ६३ अंशांवर ३० मिनिटे दूध तापवले की हा धोका मिटतो. घरी एक उकळी आणली तरी भागते.

बाळाला जन्मल्यावर मध चाटवण्याची रीत मात्र सोडूनच द्यावी. मधात बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यातले स्थायिक जिवाणू त्यांना रुजू देत नाहीत. तान्ह्याच्या आतड्यात ती वस्तीच अजून बसलेली नसते. बीजाणू रुजले तर बाळ चोखेनासे होते, मान टाकते, रडणे क्षीण होते. वर्ष पुरे होईपर्यंत मध देऊ नये. चाटवायची हौसच असेल तर सोन्याची अंगठीही नको, कारण तीही कोणाच्या तरी बोटातली असते.