पूर्णांक ओव्हरफ्लो

संगणकातील गणनेचे उत्तर ठरावीक बिटांच्या (० किंवा १ अशा अंकांच्या) पूर्णांक प्रकारात मावले नाही, की त्याला पूर्णांक ओव्हरफ्लो म्हणतात. चिन्हासहित (धन-ऋण दोन्ही चालणाऱ्या) ३२ बिटांची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७, म्हणजे जेमतेम २१४ कोटी. ६४ बिटांत ती सुमारे ९.२२ गुणिले १०चा १८वा घात इतकी असते.

मर्यादा ओलांडल्यावर काय करायचे, हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या परीने ठरवते. नमपाय (पायथन भाषेतील आकडेमोडीची लायब्ररी) आणि ज्युलिया ही भाषा न मावणारे वरचे बिट सोडून देतात, त्यामुळे कमाल संख्येत १ मिळवला की सर्वांत लहान ऋण संख्या येते. नमपाय सुट्या संख्येसाठी इशारा देते, ॲरेसाठी (संख्यांच्या मोठ्या मांडणीसाठी) नाही. म्हणजे जिथे तो सर्वांत जास्त हवा, तिथेच गप्प. मॅटलॅब आणि ऑक्टेव्ह ही गणिती सॉफ्टवेअर उत्तर मर्यादेवर अडवतात: चिन्हासहित ८ बिटांत १०० अधिक १०० बरोबर १२७. प्रतिमेच्या उजळपणासाठी हे सोयीचे, हिशेबासाठी घातक. आर ही सांख्यिकीची भाषा 'एनए' (मूल्य उपलब्ध नाही) देऊन इशारा देते. पायथनचा स्वतःचा पूर्णांक लागेल तेवढा वाढतो, पण नमपायच्या ॲरेत गेला की बिटांचे बंधन आलेच.

चूक अनेकदा पटण्याजोगी दिसते. सिडको या शहर नियोजन महामंडळाच्या नियोजनातील नवी मुंबईचे ३४४ चौ. किमी क्षेत्र १ मीटरच्या पिक्सेलमध्ये मांडले, तर ३४.४ कोटी पिक्सेल होतात. ८ बिटांच्या प्रतिमेत सरासरी उजळपणा १०० धरला, तर बेरीज ३,४४० कोटी. विंडोजवरील जुने नमपाय ही बेरीज चिन्हरहित (ऋण संख्या नसलेल्या) ३२ बिटांत करते आणि उत्तर देते ४,०२,६१,६३२. संख्या धन, त्यामुळे शंका येत नाही. सरासरी मात्र १०० ऐवजी ०.११७. तोच कोड लिनक्सवर बरोबर चालतो. २०२४च्या नमपाय २.० पासून ६४ बिटांच्या विंडोजवरही मूळ (प्रकार न सांगितल्यास वापरला जाणारा) पूर्णांक ६४ बिटांचा झाला.

उपाय: बेरजेचा प्रकार स्पष्टपणे ६४ बिटांचा द्यावा. गुणाकाराआधीच प्रकार बदलावा; बिघडलेले उत्तर नंतर ६४ बिटांत नेल्याने सुधारत नाही. ज्युलियात तपासणीसह बेरीज करणारी फंक्शने आहेत, ती ओव्हरफ्लोवर त्रुटी देतात. ती थोडी मंद असतात. डबल या दशांश संख्यांच्या ६४ बिटांच्या प्रकाराकडे वळल्यास ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ नंतर प्रत्येक पूर्णांक अचूक साठवता येत नाही.

निरपेक्ष मूल्यही फसवते: नमपायमध्ये ८ बिटांच्या -१२८चे निरपेक्ष मूल्य -१२८च येते, कारण +१२८ला त्या प्रकारात जागाच नाही.