ब्लाउजमधली माया

ब्लाउज शिवताना आतल्या बाजूला बोटभर कापड जास्तीचं ठेवतात. त्याला माया म्हणतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तीन वर्षांत वजन वाढत गेलं तशी स्वतःच्या ब्लाउजांची माया दोनदा उसवली. तिसऱ्यांदा उसवायला काही उरलंच नव्हतं. एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या सरकारी केंद्राच्या बाकावर त्यांनी मला विचारलं, "काऊन जी भाऊ, हे गोळीनंच होऊन रायलं का?"

'हो' म्हटलं तर अर्धं खोटं आणि 'नाही' म्हटलं तरी अर्धं खोटं, असा हा प्रश्न आहे.

भारतात एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रांतून मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. तेव्हा हा आजार म्हणजे माणूस वाळत जाणं. युगांडात ऐंशीच्या दशकात लोक त्याला 'स्लिम'च म्हणत. आपल्या गावात "वाळून रायला" एवढं म्हटलं की पुढचं कुणाला सांगावं लागत नसे. त्यात सुरुवातीच्या औषधांपैकी स्टॅव्हुडीनमुळे गालांची, हातापायांची चरबी झडायची. विषाणू दबलेला, पण चेहरा मात्र चुगली करायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये ते औषध हळूहळू बंद करायला सांगितलं. अशा दिवसांत काट्यावर दोन किलो वाढले की सेंटरमध्ये सगळ्यांनाच हायसं वाटायचं. ती सवय अजून मोडलेली नाही.

आणि पहिले काही किलो खरंच आनंदाचे असतात. विषाणू मोकाट असताना शरीर नुसतं बसूनही जास्त इंधन जाळतं. आतड्याच्या अस्तरातल्या संरक्षक पेशी तो आधी मारतो, त्यामुळे खाल्लेलं नीट अंगी लागत नाही. गोळी सुरू झाली की ही गळती थांबते. सुरुवातीला ज्याचा सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या संरक्षक पेशींचा आकडा, फार खाली असतो, त्याचं वजन म्हणूनच जास्त भरतं.

गोंधळ त्याच्या पुढच्या किलोंचा आहे. आज बहुतेकांना रोज एकच गोळी असते. तिच्यात टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधं. आधीच्या गोळीत डोल्युटेग्रॅव्हिरच्या जागी इफाव्हिरेन्झ होतं, तेच चक्कर आणणारं, रात्री भलतीसलती स्वप्नं दाखवणारं. जोहान्सबर्गमध्ये १,०५३ जणांवर झालेल्या 'ॲडव्हान्स' चाचणीत ४८ आठवड्यांनी जुन्या गोळीवाल्यांचं वजन सरासरी १.७ किलो वाढलं होतं, डोल्युटेग्रॅव्हिरवाल्यांचं ३.२ किलो. तिसऱ्या गटाला त्यासोबत टेनोफोव्हिरचा नवा प्रकार होता, त्यांचं ६.४ किलो. फुगल्या त्या बायकाच जास्त.

झालं, नवी गोळी जाड करते असा बोभाटा झाला. मग कुणीतरी जनुकं तपासली आणि गोष्ट उलटली. इफाव्हिरेन्झचा निचरा यकृतातलं एक एन्झाइम करतं. काहींमध्ये ते उपजतच मंद असतं, त्यांच्या रक्तात औषध साचून राहतं. जुन्या गोळीवर वजन वाढत नव्हतं ते मुख्यतः याच लोकांचं. ज्यांचं एन्झाइम चपळ, त्यांचं वजन जुन्या गोळीवरही नव्या गोळीइतकंच वाढलं होतं. म्हणजे जुनं औषध काहींच्या वजनाचा ब्रेक दाबून बसलं होतं. टेनोफोव्हिरचा जुना प्रकारही थोडा ब्रेक लावतो. एचआयव्ही नसलेल्या, केवळ प्रतिबंधासाठी तो घेणाऱ्यांतही हे दिसलंय. आपल्या सरकारी गोळीत तोच जुना प्रकार आहे. म्हणजे तिच्यात एक ब्रेक सुटला, एक लागलेला राहिला.

पण ब्रेक सुटून गाडी पळायला उतारही लागतो. वर्षाला तीन किलो म्हणजे हिशेबानं दिवसाला साठेक कॅलरी जास्तीच्या, साधारण अर्धी पोळी किंवा कपभर गोड चहा. रेशनवर माणशी पाच किलो गहू-तांदूळ आता फुकट आहे, ज्वारीची भाकर आठवड्यातून दोनदा झाली तरी पुष्कळ. बाई पूर्वी निंदायला, वेचणीला जायच्या. आता दिवसभर मशीनवर.

त्यांची उंची पाच फूट. आपल्या लोकांना साखर आणि हृदयविकार कमी वजनातच गाठतात, म्हणून भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २३ वर जादा वजन आणि २५ वर लठ्ठपणा धरतात. पाच फुटी बाईसाठी २५ म्हणजे ५८ किलो. त्या ६७. पण काट्यापेक्षा मला कंबर महत्त्वाची वाटते, कारण पोटातली चरबी जास्त खोडीची. बाईसाठी मर्यादा ८० सेंटीमीटर, पुरुषासाठी ९०. गळ्यातली टेप काढून त्यांनी तिथंच कंबरेला लावली. छत्तीस इंच. "निऱ्याईचे दोन कमी करा," म्हणाल्या. केले. तरी ८० म्हणजे साडेएकतीस.

गोळी बंद केली तर? काही आठवड्यांत विषाणू परत उसळतो. बदलली तरी चढलेलं वजन फारसं उतरत नाही. साखर आधीपासून असेल तर डोल्युटेग्रॅव्हिर चालू असल्याचं साखरेच्या डॉक्टरला सांगायलाच हवं. त्यानं मेटफॉर्मिन या साखरेच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं, म्हणून ते दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या वर सहसा देत नाहीत. हे दुसऱ्या डॉक्टरपासून लपवणारे मला बरेच भेटलेत.

बाईंना साखर नव्हती. चहा बिनसाखरेचा करायला, तेलाची पिशवी महिन्याला एकनं कमी करायला त्या तयार होत्या. संध्याकाळी चालायला जा म्हटलं तर हसल्या. "अन् वाळली तं? लोक पुन्हा इचारतीन."

औषधाच्या खिडकीवरून हाक आली. बाटल्या घेऊन त्या परत बाकावर बसल्या, लेबलं नखानं सोलून काढली. पिशवीतून घरच्या कापसाचा बोळा काढला, तोडून प्रत्येक बाटलीत दाबून भरला, एकेक बाटली कानाशी हलवून पाहिली. एसटीत खुळखुळायला नको.